‘व्हिलन’चे मूळ गाव

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले अनुवादाचे प्रकरण वाचले. इंग्लंडमधील १३८१ च्या शेतकरी बंडाचे वर्णन मराठीत चांगले उतरले आहे. मात्र ज्यांनी ते बंड केले, त्यांना तू जागोजागी ‘दुष्ट’ आणि एके ठिकाणी चक्क ‘खलनायक’ म्हटले आहेस. मूळ इंग्रजी शब्द ‘villein’ म्हणजे जमीनदाराला बांधलेला शेतकरी; त्यात ‘villain’मधल्या ‘ए’च्या जागी ‘ई’ हे अक्षर आहे, ती छपाईची चूक आहे असे समजून तू ‘व्हिलन’चा कोशातला अर्थ उचललास, असे दिसते. परिणामी तुझे बंडखोर राजाकडे ‘दुष्टपणा रद्द करा’ अशी मागणी करतात. वाचून हसू आले, तरी चूक समजण्याजोगी आहे, कारण दोन्ही शब्द मुळात एकच होते.

लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतीवाडीचे घर आणि त्या वाडीवर राबणारा माणूस मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘व्हिलानुस’. ‘व्हिलेज’ हा शब्दही त्याच कुळातला. १०८६ मधील डूम्सडे बुक या जमीनपाहणीत व्हिलानुस हा सर्वांत मोठा वर्ग आहे, आणि तिथे या शब्दात निंदेचा लवलेशही नाही. पुढे मात्र या माणसाभोवतीचा फास आवळत गेला: जमीनदाराच्या परवानगीविना गाव सोडायचे नाही, त्याच्या शेतावर आठवड्यातील ठरलेले दिवस वेठ करायची, मुलीच्या लग्नासाठी त्याला पैसे भरायचे, आणि घरचा कर्ता मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर त्याच्या हवाली करायचे.

लेखणी वरच्या वर्गाच्या हाती होती, त्यामुळे त्या वर्गाचा तिरस्कार शब्दात मुरला. खेडवळ तो असभ्य, असभ्य तो नीच आणि नीच तो दुष्ट, अशी ही घसरण झाली. नायकाचा वैरी हा अर्थ तर फार उशिराचा आहे. आपल्याकडेही संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्य’ हा दोष मानला आणि ‘नागर’ माणसाला चतुर ठरवले. पण आपला ‘गावंढळ’ अडाणीपणापाशी थांबला, दुष्टपणापर्यंत गेला नाही, असे मला वाटते.

एक सावधगिरी बाळग. इंग्रजीतील ‘व्हाइल’, म्हणजे नीच, या शब्दाचा ‘व्हिलन’च्या अर्थावर परिणाम झाला असावा, परंतु त्याचे मूळ ‘स्वस्त’ या अर्थाच्या वेगळ्या लॅटिन शब्दात आहे. तसेच संस्कृतात ‘खल’ म्हणजे दुर्जन आणि ‘खल’ म्हणजे धान्याचे खळेही. तेवढ्यावरून खलनायकाला खळ्यावर आणून बसवण्याचा मोह आवर.

तेव्हा त्या प्रकरणात ‘वेठीला बांधलेले कूळ’ असे लिही आणि पहिल्या उल्लेखापाशी एका वाक्यात खुलासा कर. १४ जून रोजी लंडनजवळच्या माइल एंड येथे चौदा वर्षांच्या राजा दुसऱ्या रिचर्डने ही वेठबांधणी संपवण्याचे वचन दिले आणि थोड्याच दिवसांत ते मागे घेतले, हा प्रसंग मग आपोआप उलगडेल. शेवटच्या पानावर मात्र एक उमराव हाच शब्द बंडखोराच्या तोंडावर फेकतो. तिथे ‘कूळ’ चालणार नाही, तिथे शिवीच हवी, आणि तिला शेणामातीचा वास हवा. ती कोणती, ते तू ठरव आणि सुधारलेले पान पाठव.