इतिहासाच्या शिक्षकाने उन्हाळी सुट्टीत स्वतःसाठी काय शिकावं?

माझं स्पष्ट मत: मोडी शिका, म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिलेत ती लिपी. सेवांतर्गत प्रशिक्षणं होतच राहतील, पण अस्सल कागद वाचता आला की शिकवण्याची रीतच बदलते. मुळाक्षरं लवकर जमतात. खरी दमछाक होते ती ओळी वाचताना, कारण शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही फारसा नसतो. सुरुवातीला पेशवेकालीन पत्रं घ्या, त्यांचं वळण सुबक असतं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि पेशवे दफ्तर सांभाळणारं पुराभिलेखागार, दोन्ही एकदा बघाच. मग वर्गात एखाद्या पत्राची छायाप्रत लिप्यंतरासह वाटा आणि विचारा: हे कोणी, कोणाला, कशासाठी लिहिलं? यात काय लपवलंय? एका पत्रावर अख्खा तास जातो, आणि जाऊ द्यावा.