माड कुणासाठी पाडला?

(पत्र थोडं काटून देते आहे.)

"ताई,

माझं माहेर दापोलीजवळ, सासर व्हिएतनामी आणि संसार सॅन होजेला. नवऱ्याचा जन्म इथलाच. सासूबाई १९८० साली व्हिएतनाम सोडून बोटीतून निघाल्या, मलेशियातल्या बिडाँग बेटावरच्या निर्वासितांच्या छावणीत राहिल्या आणि मग इकडे आल्या. त्यांची थोरली बहीण आईवडिलांपाशी मागे राहिली. यंदा आम्ही सगळे पहिल्यांदाच त्यांच्या गावी, बेन त्रेला गेलो. सासूबाईंच्या आईचं श्राद्ध होतं, तिकडे त्याला 'यो' म्हणतात.

मावससासूबाईंनी केवढा घाट घातला होता! नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस आणि अंडी, चिंच घातलेलं माशाचं कालवण, केळीच्या पानात बांधलेले चिकट भाताचे बान्ह तेत. आणि आमच्या सासूबाई? कालवण गोड झालंय, मांस आईसारखं नाही, फिश सॉस तर आमच्या सॅन होजेत याहून बरा मिळतो. दोन घास खाऊन उठल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा प्रश्नच नव्हता, मी शाकाहारी. माझ्यासाठी नारळाच्या कसल्याशा गाभ्याची कोशिंबीर होती, पण कशात फिश सॉस असेल सांगता येत नाही, म्हणून मी सोबतच्या दशम्या आणि चिवड्यावर भागवलं. मावससासूबाई सोया सॉसची बाटली घेऊन माझ्याभोवती फिरत होत्या, त्याचं आम्हाला नंतर फार हसू आलं. लेक मात्र मजेत होती. घरामागे नुकताच तोडलेला माड आडवा पडला होता, त्यावरून तोल सावरत दिवसभर चालत होती.

परत आल्यापासून दोघी बहिणी बोललेल्या नाहीत. सासूबाईंनी माफी मागायला हवी, हे त्यांना कसं समजावू? मुलीला तिचं मूळ दाखवायला नेलं, आणि तिनं पाहिला तो अन्नाचा अपमान.

एक सून, सॅन होजे"

सूनबाई,

सासूबाईंचं नंतर बघू. आधी तो माड.

तुझ्या पत्रात कोशिंबीर एका वाक्यात आहे आणि तोडलेला माड दुसऱ्या वाक्यात. मध्ये तू चिवडा खाल्लास. दापोलीच्या मुलीला हे दोन धागे जोडता येऊ नयेत, याचं मला खरंच नवल वाटलं.

माडाला वाढायची जागा एकच, शेंड्याला. त्या शेंड्याच्या पोटात पांढराशुभ्र, कोवळा, करकरीत गाभा असतो. तो हवा असेल तर माड पाडावा लागतो, कारण गाभा गेला की माड संपला. त्याला बाजूनं दुसरा फुटवा येत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं तुमच्या दापोली-मंडणगडच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा घरातली म्हातारी माणसं पडलेल्या माडांकडे कशी बघत होती, ते माहेरी फोन करून विचार. बेन त्रे हा व्हिएतनाममधला सगळ्यात मोठा नारळपट्टा. तिथल्या एका बेटावर एक साधू होऊन गेला, नुसत्या नारळावर जगतो म्हणून त्याची ख्याती होती आणि लोक त्याला नारळबुवाच म्हणायचे. अशा मुलखातली बाई माड काय असतो ते जाणून असते.

त्या गाभ्याची कोशिंबीर, 'गोई' म्हणतात तिला, लग्नाकार्यात, पाहुण्यारावळ्यांत होते. एरवी तिच्यात कोळंबी असते, डुकराच्या मांसाचे काप असतात आणि वर फिश सॉसचं आंबटगोड पाणी. तुझ्या बशीत यातलं काहीच नव्हतं, नाहीतर तू ते लिहिलं असतंस. म्हणजे तुझी वेगळी कालवली होती. आणि ज्या बाटलीचं तुम्हाला हसू आलं ना, ती बाटली म्हणजे पुरावा होता. भाषा येत नाही, मग ती बिचारी बाटली दाखवत होती: हे बघ, यात मासा नाही, हे घातलंय. दक्षिण व्हिएतनाममधल्या बाईला शाकाहार शिकवायला तू किंवा मी नको. कितीतरी बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमासे बंद, फिश सॉससुद्धा बंद. आपल्या आजीला कॅलेंडर न बघता एकादशी कळायची, तसा त्यांना तो दिवस कळतो.

आता तू म्हणशील, माड म्हातारा असेल, सोंड्या भुंगा लागला असेल. असेलही. गाभा बाजारातही मिळतो, तेही मान्य. पण म्हातारा माड पाडायला श्राद्धाचाच आठवडा का सापडला? आणि त्या सगळ्या गोतावळ्यात मांसमासे न खाणारी अशी कोण होती, जिच्या ताटात काय वाढायचं हा त्या घराला प्रश्न पडला असेल?

आणखी एक. 'यो'ला केलेलं सगळं आधी पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर जातं. उदबत्ती जळून गेली की मगच पानं खाली येतात आणि माणसं जेवायला बसतात. हे तुला समजावून सांगायला नको, आपल्याकडे कावळा शिवेपर्यंत खोळंबून बसतात. त्या दिवशी जे काही खाली आलं ते सासूबाईंच्या आईच्या तसबिरीपुढून आलं. त्यातलं तू काहीच घेतलं नाहीस आणि पिशवीतला डबा उघडलास. मुलीनं अन्नाचा अपमान पाहिला म्हणतेस. पाहिलाच असणार, पण दोन घास का होईना, आजीनं खाल्ले होते.

मासे खा, असं मी म्हणत नाही. खाऊ नकोस. नियम तुझा, तो पाळ. पण तुझा नियम मोडू नये म्हणून दुसरी बाई एवढी राबते, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला काय हरकत होती?

आता सासूबाई. १९८० साली त्या निघाल्या तेव्हा तिथे रेशनचे दिवस होते. लोक भातात रताळी मिसळून, कसावा मिसळून दिवस काढत. १९८६ च्या अखेरीस सरकारनं धोरण बदललं आणि मग हळूहळू बाजार भरायला लागले. तो सगळा काळ थोरलीनं तिथे काढला. धाकटीनं आईच्या हातचं कालवण फक्त जिभेवर बरोबर नेलं, आणि अमेरिकेचे निर्बंध १९९४ पर्यंत असल्यामुळे उठून माहेरी जाणंही सोपं नव्हतं. इतक्या वर्षांनी बहिणीच्या चुलीवरचं खाल्लं आणि ते आईसारखं लागलं नाही. मग काय म्हणायला हवं होतं त्यांनी? वा, फार छान? असं पाहुणे म्हणतात. कालवण गोड झालंय हे थोरलीला तोंडावर सांगणारं माणूस आता जगात एकच उरलंय. 'आईसारखं नाही' ही त्या दोघींची आपसातली गोष्ट आहे, तिथे तुझं काय काम? माफी कुणी कुणाची मागायची हे त्या बघतील. याहून मोठे अबोले त्यांनी निभावलेत.

तुझं देणं मात्र तुझं आहे.

येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला मावससासूबाईंना व्हिडिओ कॉल लाव. तिकडे रविवारची सकाळ असेल, त्या स्वयंपाकघरातच सापडतील. दुभाषी म्हणून शेजारी सासूबाईंना बसव. नवऱ्याला बोलावू नकोस, तो सगळं गोड करून सांगेल. आणि सांग: तुम्ही माझ्यासाठी केलेलं मी खाल्लं नाही, डब्यातलं खाल्लं. मागे माड पडलेला पाहिला, पण तो कशासाठी पाडला ते कळलं नाही. चुकलं माझं. एवढं आणि असंच. शाकाहाराचं कारण सांगत बसू नकोस, ते त्यांना आधीपासून ठाऊक आहे. सासूबाईंना हे सगळं व्हिएतनामीत म्हणावं लागेल, शब्दन्शब्द, स्वतःच्या तोंडानं, बहिणीच्या डोळ्यांत बघून. त्या म्हणताना अडखळतील. घाई करू नकोस.

मग कोशिंबीर कशी करायची ते विचार. मावससासूबाई सांगायला लागल्या की सासूबाई मध्येच तोंड घालतील, असं नाही, आई तसं करायची. थोरली ऐकणार नाही. जोरात बोलणं सुरू होईल आणि भाषांतर बंद पडेल. पडू दे. तू फोन नीट धर, आणि वाद थांबला की शेंगदाण्याचं कूट किती घालायचं ते दोघींकडून वेगवेगळं लिहून घे.