ड्रिफ्टिंगला बोलेरो का चालत नाही?

प्रश्न : आमच्या नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या बोलेरो आणि स्कॉर्पिओ या गाड्यांत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते आणि ड्रिफ्टिंगलाही तशीच गाडी लागते. मग या खेळात चाळीस वर्षांपूर्वीच्या जपानी गाड्यांना एवढी मागणी का? माझ्या हॅचबॅकची पुढची चाके ओढतात. तिच्यावर सराव करता येईल का?
– एक महाविद्यालयीन वाचक, सातपूर

उत्तर : मागच्या चाकांना शक्ती मिळणे ही पहिली अट खरी, पण ती पुरेशी नाही. वळणावर क्लचचा झटका देऊन किंवा हँडब्रेक ओढून मागच्या टायरांची पकड मुद्दाम सोडवायची, गाडी आडवी होऊ लागताच स्टिअरिंग उलट फिरवायचे आणि ॲक्सिलरेटर कमी-जास्त करत ती घसरण वळण संपेपर्यंत टिकवायची, असा हा खेळ आहे. त्यासाठी गाडी बुटकी आणि वजनाने समतोल हवी. बोलेरोचा गुरुत्वमध्य उंच असल्यामुळे आडव्या घसरणीत टायरांना एकदम पकड मिळाली, तर ती उलटू शकते. हा तिचा दोष नव्हे; ती खडबडीत रस्त्यांसाठी बनली आहे.

टोयोटाने १९८३ साली कोरोला मालिकेतील बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर नेल्या, परंतु एई८६ हे मॉडेल मागच्या चाकांवरच ठेवले. तिचे इंजिन अवघे १.६ लिटरचे आणि वजन साधारण साडेनऊशे किलो, त्यामुळे चालकाला शक्तीवर विसंबता येत नाही. गाडीचे वजन नेमके केव्हा कोणत्या चाकावर टाकायचे, हे शिकावेच लागते. जपानी शर्यतपटू केइची त्सुचिया यांचे नाव या गाडीशी जोडले गेले, ते याच कौशल्यामुळे. निसानची सिल्व्हिया (१९८८ची एस१३ ते २००२ पर्यंतची एस१५) मला त्याहून उपयुक्त वाटते, कारण टर्बो इंजिनामुळे तिच्यात शक्तीही आहे आणि जुन्या गाड्या अनेक वर्षे स्वस्तात मिळत राहिल्याने ती सामान्य तरुणांच्या हाती आली. युरोपात हेच स्थान बीएमडब्ल्यूच्या ई३६ ला मिळाले.

यांपैकी कोणतीही गाडी घेतली, तरी तिच्यात साधा डिफरन्शियल (इंजिनाची शक्ती दोन चाकांत वाटणारा गिअरसंच) असेल, तर तो बदलावाच लागतो. साध्या डिफरन्शियलमध्ये वळणाच्या आतले, हलके झालेले चाक नुसतेच गरगरते आणि शक्ती वाया जाते; लिमिटेड स्लिप डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर देतो, म्हणून घसरण टिकते.

तुमची हॅचबॅक हँडब्रेकने क्षणभर आडवी होईल, पण ॲक्सिलरेटर दाबताच पुढची चाके तिला सरळ ओढतील. गंगापूर रोडवर किंवा औद्योगिक वसाहतीच्या रिकाम्या रस्त्यावर हा प्रयोग कृपया करू नका. तेथे पहाटेही माणसे चालत असतात आणि धोकादायक वाहन चालवणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार गुन्हा आहे. त्याऐवजी बंदिस्त ट्रॅकवर भाड्याची गो-कार्ट चालवा. तिचीही मागचीच चाके ओढतात आणि बहुतेक कार्टना डिफरन्शियल नसल्यामुळे ती दोन्ही एकाच आसावर एकत्र फिरतात.