दिवाणाखालची जागा

प्रश्न : मी ६१ वर्षांची असून गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाले. सासवडजवळच्या माहेरी गायी, शेळ्या आणि कुत्र्यांच्या सोबतीत वाढल्यामुळे जनावरांची ओढ जन्माचीच आहे. परंतु संसार आणि नोकरी यांत ती मागे पडली. आता सुटका केलेल्या कुत्र्यांना कायमचे घर मिळेपर्यंत आपल्याकडे सांभाळावे, असे वाटते. यजमानांची संमती आहे. मात्र जीव लावल्यावर दुसऱ्याच्या हाती देणे मला जमेल का? आणि सोसायटीने हरकत घेतली तर काय करावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपले पत्र वाचताना मला जुन्नरकडचे माझे आजोळ आठवले. तिथे गोठ्याच्या दाराशी बसणारी काळी कुत्री कोणाच्याच मालकीची नव्हती. आजी तिला भाकरीचा पहिला तुकडा घाली, ती रात्रभर राखण करी, आणि दोघींचे त्यावर भागत असे. पुण्यात आल्यावर मात्र बरीच वर्षे मी असेच धरून चालले होते की, प्राण्यावर प्रेम करायचे म्हणजे तो कायमचा आपल्या घरात ठेवायचा. सिंहगड रस्त्यावर वाहनाची धडक बसलेली एक कुत्री शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आली आणि माझी ती समजूत बदलली.

पहिले तीन दिवस ती दिवाणाखालून बाहेर आली नाही. मी ताटली सरकवून स्वयंपाकघरात गेले, की मगच ती खात असे. चौथ्या रात्री मी वाचत बसले असताना ती हळूच बाहेर आली आणि माझ्या पावलापासून वीतभर अंतर राखून तिने अंग टाकले. ते वीतभर अंतर सरायला आणखी आठवडा लागला. पुढे बाणेरच्या एका कुटुंबाने तिला दत्तक घेतले, त्या दिवशी मी खूप रडले. मात्र दिवाणाखालची जागा मोकळी झाली म्हणूनच पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुत्र्याला ती मिळाली. त्यामुळे आपल्याला देणे जमेल, असे मी खात्रीने सांगते. रडू येणार नाही, असे मात्र सांगत नाही.

आता सावधगिरीचे. लहान पिल्लांच्या बाबतीत सर्वांत मोठी भीती पार्वोची असते. हा विषाणू घरात आणि मातीत कित्येक महिने टिकतो आणि फरशी पुसण्याच्या नेहमीच्या बहुतेक द्रवांना दाद देत नाही. पार्वोतून वाचलेले एक पिल्लू गेल्यावर मी फरशी नेहमीप्रमाणे पुसून निर्धास्त राहिले, लस न झालेले दुसरे पिल्लू त्याच खोलीत आणले आणि ते पाचव्या दिवशी आजारी पडून दगावले. ती चूक माझी होती आणि तिची टोचणी आजही आहे. म्हणून आधी घाण पूर्ण काढून, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी या प्रमाणात फरशी पुसावी आणि ती १० मिनिटे ओली राहू द्यावी. नव्या पाहुण्याला किमान दोन आठवडे इतर प्राण्यांपासून वेगळे ठेवावे. पिल्लांचे लसीकरण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते, १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी पुढची मात्रा द्यावी लागते आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर दिली जाते. आपण स्वतःही डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी. तरीही दात लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

रस्त्यावर दिसणारा प्रत्येक कुत्रा उचलून आणायचा नसतो, हेही ध्यानात असू द्यावे. कानाला खाच असलेल्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते, आणि २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला त्याच्या मूळ जागीच परत सोडले जाते. तो निरोगी असेल, तर ती गल्लीच त्याचे घर आहे. आपल्या दोन खोल्यांची खरी गरज आहे ती आईविना राहिलेल्या पिल्लांना, जखमींना आणि पाळून मग सोडून दिलेल्यांना.

सोसायटीविषयी थोडक्यात सांगते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. तरीही तो कागद पहिल्याच दिवशी पुढे करू नये. कुत्रा येण्याआधी शेजारच्या दोन-तीन घरी जाऊन तो किती दिवस राहणार आणि त्याच्या लसी झाल्या आहेत का, हे आपणच सांगावे. माझ्या अनुभवात निम्मा विरोध तिथेच मावळतो.

दत्तक देताना त्या घरी स्वतः जाऊन यावे, याबाबत मी फार आग्रही आहे. एकदा केवळ फोनवरच्या गोड बोलण्यावर विसंबून मी एक कुत्रा दिला आणि तीन आठवड्यांनी तो गॅलरीत भर उन्हात साखळीला बांधलेला आढळला. त्याला परत आणले, पण घरात शिरताना त्याने पुन्हा थेट दिवाणाखालची जागा गाठली, ते पाहवले नाही. आता मी पाठवणीच्या दिवशी त्याची रोजची न धुतलेली चादर सोबत देते, कारण ओळखीच्या वासाने नव्या जागी त्याला झोप लागते. आणि पहिले काही दिवस तो दाराकडे तोंड करून बसेल, तेव्हा त्याला रागावू नये, एवढे त्या कुटुंबाला आधीच सांगून ठेवते.