आईच्या जुन्या भांड्यांचं वर्कशॉपमध्ये काय करता येईल

ताई, गावचं घर रिकामं करताना आईंची दोन पोती भांडी निघालीत, भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे आणि तुम्ही विचारताय की पार्किंगमधल्या तुमच्या सुतारकामाच्या जागेत यातलं काय कामाला येईल. भरपूर येईल. मी कोल्हापुरात फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे लाकडी नमुने बनवतात तिथे) 30 वर्षं काढली, आमची सरसाची (लाकूड चिकटवायच्या जुन्या गोंदाची) पातेली, लाखेच्या बरण्या, मेणाच्या वाट्या सगळं कुणाच्या ना कुणाच्या स्वयंपाकघरातूनच आलेलं असायचं, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे.

पण आधी एक लोहचुंबक घ्या आणि अंगणात सगळी भांडी पसरून बसा. चुंबक घट्ट चिकटतं ते बीड (ओतीव लोखंड) नाहीतर साधं लोखंड. चिकटत नाही आणि हाताला हलकं लागतं ते जर्मन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. चकचकीत आणि वजनदार ते स्टील (स्टीलचं एखादं भांडं चुंबकाला चिकटतं पण, गोंधळू नका, गंज नसला की स्टील समजा). पितळ-तांबं रंगावरून कळतंच, ते बाजूला ठेवा, त्याचं शेवटी सांगतो. हे वेगळं करणं का गरजेचं आहे ते मी नुकसान करून शिकलोय. जुन्या बिजागऱ्यांचा रंग काढायला मी कॉस्टिक सोड्याचं पाणी जर्मनच्या पातेल्यात केलं होतं, पाच मिनिटांत फेस येऊन उकळल्यासारखं व्हायला लागलं, पातेलं हात लावता येणार नाही इतकं तापलं आणि सकाळी बघतो तर तळाला भोकं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो, शेजारी गॅस पेटवलेला असता तर काय झालं असतं विचार करा. कॉस्टिकला प्लॅस्टिकची बादली बरी, आणि सोडा नेहमी गार पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. गंज काढायला लिंबूफुलाचं किंवा व्हिनेगरचं पाणी करणार असाल तर आईंची लोणच्याची चिनीमातीची बरणी वापरा, तिला काही होत नाही, पटाशी (लाकूड तासायचं धारदार हत्यार) उभी बुडते आणि वर झाकणही बसतं.

आता माझं सगळ्यात लाडकं भांडं, बिडाची कढई. तिच्यात वाळू भरायची. भडभुंज्या चुरमुरे भाजायला जशी वाळू तापवतो अगदी तशीच, चाळलेली, धुतलेली आणि खडखडीत वाळलेली. मी जुन्या कानशींच्या पटाश्या करतो, त्यांना पाणी देऊन (म्हणजे लालभडक तापवून एकदम बुडवून) झालं की पोलाद काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं, ठोकलं की धारेचा टवका उडतो, म्हणून परत थोडं तापवून तो कडकपणा जरा उतरवावा लागतो. गॅसच्या ज्योतीवर धरलं तर पातळ धार आधी तापते आणि एका क्षणात वाया जाते. वाळूत तसं होत नाही. पटाशीची पाठ पॉलिश पेपरनं आधी पांढरी स्वच्छ करा, शेपटाकडची जाड बाजू वाळूत खोल रोवा आणि धार वर हवेत ठेवा. मग कढईखाली बारीक आच ठेवून निवांत बसून बघत राहायचं. खालून रंग वर चढायला लागतो, पुढे फिकट पिवळा, त्याच्यामागून तपकिरी, मग जांभळा, मग निळा, एकामागे एक पट्टे सरकत येतात. धारेपाशी वाळलेल्या पेंढ्यासारखा पिवळा रंग पोचला, साधारण 220 ते 230 डिग्रीला येतो तो, की लगेच सांडशीनं उचलून पाण्यात. लाकडाच्या पटाशीला हाच रंग पाहिजे. निळा आला तर धार मऊ पडली समजा, मग परत पहिल्यापासून. हे बघताना मला आजही कामावरचा पहिला महिना आठवतो, पिवळा कधी झाला ते ओळखायला डोळा तयार व्हायला वेळ लागतो पण एकदा झाला की थर्मामीटर लागत नाही. फक्त तापलेल्या कढईवर गार पाणी पडू देऊ नका, बीड तडकतं.

दुसरं म्हणजे डबल बॉयलर. मोठं पातेलं आणि त्यात बसणारं छोटं स्टीलचं पातेलं, खाली एक वाटी उलटी घालून. बाहेरचं पाणी 100 च्या वर जात नाही त्यामुळे आतलं जळत नाही. सरस करायचा असेल तर दाणे रात्रभर गार पाण्यात भिजवा आणि सकाळी 60-65 डिग्रीवर वितळवा, पाणी उकळू द्यायचं नाही, उकळलेल्या सरसाची पकड जाते. मधमाशीचं मेण पण साधारण 62-64 ला वितळतं, लाकडाचं पॉलिश करायला एक भाग मेणाला तीन भाग टर्पेंटाइन घ्या, पण टर्पेंटाइन घालताना गॅस बंद आणि पातेलं उघड्यावर नेलेलं पाहिजे, त्याच्या वाफेला ज्योत दिसली की पेट घेते. आणि टर्पेंटाइनऐवजी जवसाचं तेल लावत असाल तर त्याच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या सुकताना आपोआप तापून पेटतात. घट्ट झाकणाचा जुना स्टीलचा डबा पाणी भरून त्यासाठीच ठेवा.

हे पॉलिशचंच एक पातेलं मी एका दिवाळीत धुवून नळापाशी उपडं ठेवलं होतं आणि वहिनींनी त्यात दूध तापत ठेवलं. वासावरून कळलं म्हणून दूध ओतून दिलं. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण त्याच्याच शेजारी शिसं वितळवायची पळी होती आणि शिशाला ना वास ना चव. तेव्हापासून माझा कडक नियम आहे, वर्कशॉपमध्ये आलेलं भांडं परत ओट्यावर जायचं नाही, आणि ते कुणालाही न सांगता कळलं पाहिजे, म्हणून प्रत्येकाच्या काठाखाली 6 मिमीचं भोक पाडतो आणि कानाला लाल रंग देतो. भोकामुळे खिळ्याला टांगताही येतं. तुमच्याकडे लहान मुलं असतील तर हे पहिल्या दिवशीच करा.

कुकरबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय. बांबूच्या पट्ट्या किंवा पातळ लाकूड वाकवायला वाफ करायची असेल तर कुकर उत्तम, शिट्टी काढून टाका, त्या नळीला जाड सिलिकॉनचा पाइप लावा आणि तो फळ्यांच्या लांब पेटीत सोडा, इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ. पेटीचं दुसरं टोक सैल पाहिजे, वाफ कुठेही कोंडायची नाही, आणि कुकरमधलं पाणी संपत आलं की गॅस बंद. पण त्याला कॉम्प्रेसर जोडून प्रेशर टाकी करायचा विचार मनातही आणू नका. कुकर साधारण 1 किलो प्रेशरसाठी बनलेला असतो आणि साधा कॉम्प्रेसर 8 किलोपर्यंत जातो. ओळखीच्या एकानं रंगासाठी हा प्रयोग केला, झाकण उडून छताच्या पत्र्याला लागलं, तो नशिबानं चहा आणायला बाहेर गेला होता.

बाकी किरकोळ. इडलीपात्र फेकू नका, गाडीचा कार्बोरेटर किंवा रंधा खोलताना ज्या क्रमानं भाग निघतील त्या क्रमानं एकेका खळग्यात ठेवत जा, जोडताना उलटं यायचं, एक स्क्रू हरवत नाही, आणि ताटलीला भोकं असतील तर तशीच रॉकेलमध्ये बुडवून धुता येतं. चकलीच्या सोऱ्यातून शाडूच्या एकसारख्या दोऱ्या निघतात. पाटा-वरवंटा फळ्या चिकटवताना वजनाला. नॉनस्टिकचा तवा तापवायच्या कुठल्याही कामाला नको, 260 डिग्रीच्या वर त्याचा थर बिघडून विषारी धूर सोडतो, पण थंड असताना त्यावर इपॉक्सी कालवा, वाळलं की पापुद्र्यासारखं निघून येतं.

आता पितळ-तांबं. बंब, हंडे, डबे, यातलं काहीही कापू नका आणि किलोवर तर अजिबात देऊ नका. तळ जाड असेल आणि चीर नसेल तर कल्हईवाला शोधा, आमच्याकडे अजून एकजण येतो, भांडं तापवून नवसागर मारतो आणि कथलाची कांडी फिरवून कापसानं पसरवतो, दोन मिनिटांत आतून चांदीसारखं होतं. मग त्यात आमटी करा, कल्हई झिजली की परत लावून घ्या. आईंच्या हातचं भांडं आहे ते, त्याची जागा अजून ओट्यावरच आहे.