अवघड इंग्रजी शब्द पाठ होतात, पण टिकत का नाहीत?

प्रश्न: मी नववीत आहे. शाळेत दर आठवड्याला तीस अवघड इंग्रजी शब्दांची यादी मिळते. चाचणीत मला बहुतेक वेळा पैकीच्या पैकी गुण पडतात, पण महिनाभरानं निम्मे शब्दही आठवत नाहीत. निबंधात वापरले की बाई लाल रेघ मारून 'असं म्हणत नाहीत' असं लिहितात. अर्थ तर बरोबर असतो. मग चुकतं कुठे?

उत्तर: खरी गोची तुझ्या 'अर्थ तर बरोबर असतो' या वाक्यात आहे, म्हणून आधी तेच घेते. यादीत 'सब्स्टॅन्शियल' या शब्दापुढे 'मोठा' एवढंच लिहिलेलं असतं. ते पाठ करून कुणी 'माय सब्स्टॅन्शियल ब्रदर' लिहिलं, तर कुठल्याही बाई रेघ मारतील. हा शब्द बहुधा प्रमाणाच्या गोष्टींसोबत येतो: सब्स्टॅन्शियल अमाउंट, सब्स्टॅन्शियल प्रोग्रेस, सब्स्टॅन्शियल एव्हिडन्स. मराठीत तू 'घोर निराशा' म्हणतेस, 'घोर आनंद' म्हणत नाहीस. हे तुला कुणी शिकवलं नाही, कानावर पडत पडत कळलं. इंग्रजी तेवढं कानावर पडत नाही, म्हणून शब्दाची सोबत वहीत मुद्दाम टिपावी लागते.

त्यासाठी यादी बाजूला ठेव आणि कार्डं कर. समज, शब्द 'रिलक्टंट' आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहायचाच नाही. 'शी वॉज... टू स्पीक इन फ्रंट ऑफ द क्लास' असं गाळलेल्या जागेचं वाक्य लिहायचं, जागेत फक्त 'आर' हे पहिलं अक्षर. मागच्या बाजूला शब्द, त्याचं स्पेलिंग, 'मनातून तयार नसलेला' हा अर्थ, पुढे 'टू' आणि क्रियापद येतं ही नोंद, आणि उच्चारात जोर 'लक'वर आहे ही खूण. सगळ्यात खाली तुझं स्वतःचं वाक्य, आणि ते खरं हवं. तुला खरोखर काय करायची इच्छा नसते, ते लिही. आपल्याबद्दलचं खरं वाक्य सहसा विसरलं जात नाही.

आता विसरण्याविषयी. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो ते मोजलं आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, नंतर मंदावतो. अनोळखी शब्दांची नुसती यादी तुझ्यासाठी त्या निरर्थक अक्षरांसारखीच असते. म्हणून आदल्या रात्री तीस शब्द घोकण्यापेक्षा तेच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं आठवून पाहा. 'आठवून' म्हणजे कार्ड न उलटता. नुसतं पुन्हा वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये यासाठी एक सोपी पेटी सुचवली. पाच कप्पे करायचे. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज बघायचा आणि पुढचे कप्पे वाढत्या अंतरानं. पेटी नसेल तर पाच पाकिटं चालतील.

मराठी मुलांच्या हाती आणखी एक किल्ली असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही याचं मला वाईट वाटतं. संस्कृतात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. त्याला उपसर्ग लागून निरीक्षण, परीक्षा, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा झाले. लॅटिनमध्येही पाहण्याचा असाच धातू आहे, त्यातून इन्स्पेक्ट, एक्स्पेक्ट, रिस्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, पर्स्पेक्टिव्ह आले. 'सर्कमस्पेक्ट' म्हणजे चहूकडे पाहून वागणारा, सावध. 'ऑस्पिशस' म्हणजे शुभ, त्यातही तोच धातू लपलाय, आधी 'पक्षी' जोडून: रोमन लोक पक्षी पाहून शकुन घेत. (आणि संस्कृतात 'शकुन' म्हणजे मुळात पक्षीच!) मात्र धातू आठवणीसाठी वापर, अंदाज बांधायला नको. 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' नकाराचा समजलीस तर अर्थ उलटा होईल. त्याचा अर्थ चटकन पेट घेणारा असा आहे.

चाचणीपुरते तीसही शब्द कर, त्याला इलाज नाही. पण कार्डं सात-आठांचीच कर. कोणत्या? न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये अभ्यासाच्या पुस्तकांत विषय कोणताही असला तरी वारंवार येणाऱ्या शब्दांची 570 कुळं (कुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द) निवडली. असेस, अझ्यूम, कॉन्टेक्स्ट, डिराइव्ह, इंटरप्रेट, सिग्निफिकंट हे शब्द त्यातले. विज्ञानातही भेटतात, इतिहासातही. यादीत असा शब्द आला की त्याचं कार्ड आधी. भारदस्त पण क्वचित दिसणारा शब्द थांबला तरी चालेल.

प्रश्न: मुलगा आठवीत आहे. शब्दसंग्रह वाढावा म्हणून मी त्याला मोठ्यांच्या इंग्रजी कादंबऱ्या देतो आणि प्रत्येक अनोळखी शब्द शब्दकोशात पाहायला लावतो. तो आता वाचनच टाळतो. काय करू?

उत्तर: ते पुस्तक सध्या मिटा. दर ओळीला शब्दकोश उघडावा लागला तर गोष्ट कुणीच वाचू शकणार नाही. शंभर शब्दांत दोन-तीनच अनोळखी असतील असं पुस्तक त्याला स्वतःला निवडू द्या, ते लहान मुलांचं वाटलं तरी हरकत नाही. पहिल्यांदा आलेला शब्द संदर्भावरून लावून त्याला पुढे जाऊ द्या. तोच पुन्हा आला किंवा त्याच्यावाचून गोष्ट अडली, तरच शब्दकोश. तोही इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला असावा. त्यात सोप्या शब्दांत अर्थ आणि वापराची वाक्यं असतात. आणि वाचून झाल्यावर शब्द विचारू नका, गोष्टीत पुढे काय झालं ते विचारा.