आठ-दहा पावसाळे उघड्यावर पडून असलेले डिझेल इंजिन पुन्हा चालू करता येईल का?

आपल्या वडिलांच्या वावरात विहिरीजवळ पडून असलेले 5 अश्वशक्तीचे इंजिन हँडलने फिरत नाही, तेव्हा ते दुरुस्त करावे की भंगारात द्यावे आणि खर्च किती येईल, असे आपण विचारले आहे. दुरुस्त करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी इंजिने गंजापेक्षा दुरुस्तीच्या पहिल्या दिवशी केलेल्या घाईनेच अधिक कामातून जातात, हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो.

काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. इंजिन किर्लोस्करचे एव्ही-1, म्हणजे 80 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 110 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली पल्ला) आणि मिनिटाला 1500 फेरे. वीज आल्यावर मोठ्या बाबांनी ते बाभळीखाली सरकवले आणि ते तिथेच राहिले. पुढे शेतीपंपांना दिवसा 8 तास किंवा रात्री 10 तास अशी विजेची पाळी लागली, आंबिया बहराचा (संत्र्याला फुले यावीत म्हणून पाणी बंद ठेवून दिलेला) ताण तोडताना ऐन वेळी पाणी मिळेना, तेव्हा सर्वांना इंजिनाची आठवण झाली. माझा चुलत भाऊ हिंगणा एमआयडीसीत नोकरी करतो आणि यंत्रांतले आपल्यालाच कळते अशी त्याची खात्री आहे. ट्रॅक्टरच्या पुलीवरून पट्टा लावून एक हिसका दिला की इंजिन मोकळे होईल, असे त्याचे म्हणणे होते. मी पट्टा लावू दिला नाही आणि आधी नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढली.

नोझलच्या भोकात तार घातली तर ती ओली आणि तांबडी होऊन बाहेर आली. चार स्ट्रोकचे इंजिन बंद पडते तेव्हा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो. आमचा एक्झॉस्टचा राहिला होता, आणि सायलेन्सरच्या तोंडावर साधा डबा पालथा घालण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, त्यामुळे पावसाचे पाणी थेट पिस्टनच्या माथ्यावर साचत गेले होते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पिस्टन जोराने वर आला असता, तर कनेक्टिंग रॉड वाकला असता किंवा हेड (सिलिंडरचे झाकण) उचकटले असते. चुलत भाऊ आजही लग्नकार्यात भेटला की ‘तासाभराचे काम यांनी महिनाभर लांबवले’ असे चारचौघांत सांगतो, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

हेड उतरवल्यावर पिस्टनच्या कडेने गंजाचे कडे दिसले, एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला खपलीसारखे जाड. खपली लाकडी पट्टीने खरवडून ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल समप्रमाणात मिसळून कडेने सोडले. रोज संध्याकाळी ते थोडे वाढवायचे आणि फ्लायव्हील दोन्ही हातांनी पुढे-मागे रेटून पाहायचे, एवढाच आमचा क्रम होता. एके दिवशी ते नखभर हलले. अशा वेळी माणसाला लगेच पूर्ण फेरा मारण्याचा मोह होतो, पण तेवढ्याच अंतरात आधी पुढे, मग मागे असे खेळवत राहावे, नाहीतर लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) ओरखडे पडतात आणि पिस्टनच्या रिंगा तुटतात. पिस्टनवर घण घालणाऱ्या मिस्त्रीला मी वावरात पाऊल ठेवू देणार नाही; ठोकायचेच असेल तर मध्ये लाकडाचा ठोकळा हवा.

परदेशी व्हिडिओंमध्ये पाणी गोठून ब्लॉक फुटल्याची भीती दाखवतात. नागपूरच्या थंडीत तसे होत नाही. इथे विहिरीच्या पाण्याचा क्षार सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटमध्ये बसतो आणि कुंभारीण माशी डिझेलच्या टाकीच्या श्वासनळीत मातीचे घर करते, ते आधी तारेने मोकळे करावे. ऑइलच्या तळाशी पाणी बसलेले असते, तेव्हा जुने ऑइल पूर्ण काढूनच नवे भरावे. इंधनपंपाचे प्लंजर (आत सरकणारा दांडा) आणि बॅरल (त्याची नळी) ही घासून जुळवलेली जोडी असते, त्यांच्यात काही मायक्रॉनचेच अंतर असते. तिला पॉलिश पेपर लावला की ती गेलीच. हे काम पंप-नोझलच्या कारागिराकडेच द्यावे.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. इंजिन सुरू करण्यापूर्वी इंधनपंपाचा रॅक (इंधन कमी-जास्त करणारी पट्टी) बोटाने सहज सरकतो की नाही हे पाहावे. तो गंजून पूर्ण इंधनाच्या जागी अडकला असेल, तर वेग आवरणारा गव्हर्नर काहीही करू शकत नाही, इंजिन बेफाम होते आणि फ्लायव्हील फुटू शकते. हवेच्या तोंडावर दाबायला सपाट फळी हाताशी ठेवावी, आणि फ्लायव्हीलच्या रेषेत कोणालाही उभे करू नये. ॲसिटोन लवकर पेट घेते, हेही ध्यानात असू द्यावे.

खर्चाचे म्हणाल तर हेड उघडण्यापूर्वी जो आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. रिंगा, गॅस्केट आणि नोझलवर भागले तर काम स्वस्तात होते, लायनर-पिस्टनचा संच बदलावा लागला तर खर्च बराच वाढतो, आणि क्रँकशाफ्ट लेथवर न्यावा लागला तर दुसरे जुने चालू इंजिन काय भावाने मिळते हे आधी विचारावे. क्रँककेसलाच तडा असेल तर मात्र दुरुस्तीच्या फंदात पडू नका. तरीही इंजिन अखंड विकू नका. हेड, फ्लायव्हील आणि इंधनपंप काढून ठेवा, कारण दुसऱ्या इंजिनाला ते कामी येतात आणि भंगारवाला त्यांचेही पैसे लोखंडाच्याच भावाने देतो.